पंचमीचा म्हाळ

अनसाबाई अठ्ठावन्न वर्षं सून आहे. न्हावऱ्यात लग्न होऊन आली तेव्हा सोळाची होती, आता चौऱ्याहत्तर संपून पंचाहत्तरावं लागलं. तिच्या बरोबरीच्या बायका सासू झाल्या, आजी झाल्या, काही भिंतीवरच्या फोटोत जाऊन बसल्या. ही अजून सूनच. कारण तिची सासू, तानुबाई, अठ्ठ्याण्णवची आहे आणि तिला काहीही झालेलं नाही.

हे मी कोणापुढे बोलले की समोरचा म्हणतो, "वा, केवढं भाग्य." असं म्हणणाऱ्याला मी एक दिवस त्या घरात बसवणार आहे. सकाळी सहापासून संध्याकाळपर्यंत. मग बोल म्हणावं.

मी त्यांची शेजारीण. गावच्या हायस्कूलवर बत्तीस वर्षं सायन्स शिकवलं, त्यामुळे सगळं गाव मला बाई म्हणतं, अनसाबाईही म्हणते. त्यांच्या आणि माझ्या घरात एक शेवग्याचं झाड आणि सांडपाण्याची मोरी एवढंच अंतर आहे. त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक डोळ्यांनी पाहिलेलं आहे आणि उरलेलं तिनं माझ्या ओट्यावर बसून सांगितलेलं आहे.

अनसाबाई दौंडकडच्या धनगराच्या घरची. लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीनंतर नवऱ्याबरोबर मेंढरं घेऊन कोकणात उतरली. घोड्यावर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर कोंबड्या, मागून ही. ज्येष्ठात परत यायचं, पाऊसभर गावाकडं राहायचं, पुन्हा निघायचं. तिचा रविराज भोरच्या पुढं एका माळावर जन्मला आणि तिसऱ्या दिवशी ती पुन्हा चालायला लागली. अशी एकोणीस वर्षं गेली. मग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं विकली आणि नवरा, हनुमंत, बागायतदार झाला. हनुमंत बोलायला कमी. अनसाबाईही कमीच. दोघं बांधावर शेजारी बसून भाकरी खायची आणि तासभर एक शब्द बोलायची नाहीत. मला ते पाहून बरं वाटायचं.

आता एक साधा हिशेब सांगते, कारण या गोष्टीतली सगळी भीती त्यात आहे. तानुबाईची सासू सत्तावन्नाव्या वर्षी गेली. तेव्हा तानुबाई छत्तीसची होती. छत्तिसाव्या वर्षी तिच्या कनवटीला कपाटाची किल्ली आली आणि ती घराची मालकीण झाली. अनसाबाईनंही तेवढंच धरलं होतं. पस्तिशी-चाळिशीत आपलंही होईल. त्यात वाईट काही नाही, जगच तसं चालत होतं. तिची चाळिशी गेली, पन्नाशी गेली, साठी गेली. गुडघे गेले. किल्ली अजून म्हातारीच्या कनवटीलाच आहे. म्हातारीला डोळ्यांनी दिसत नाही, पण किल्ली कुठं आहे ते बरोबर कळतं.

चार वर्षांपूर्वी तानुबाईला चकरा यायला लागल्या. हनुमंतानं तिला पुण्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचे ठोके मंद पडलेत, पेसमेकर बसवू. चौऱ्याण्णवच्या बाईला बसवायचा की नाही, हे कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? ज्यानं विचारलं असतं तो आईच्या जिवावर उठलेला ठरला असता. हनुमंतानं सही केली. घरी सोडताना अनसाबाईनं डॉक्टरला एकच गोष्ट विचारली.

"मशीनची बॅटरी किती दिस चालती?"

"दहा वर्षं, आजी. काळजी नको."

"आन् मग?"

"मग नवीन टाकायची."

घरी आल्यावर ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, म्या बोटं मोजली. आत्याबाई एकशेचार. आन् तवा मी ऐंशी."

गावात समज असा की मशीन बसवलं की माणसाला मरताच येत नाही. मी तिला तीनदा समजावलं की तसं काही नसतं, ती नुसती वायर आहे, ठोका चुकला तर टिचकी मारते. ती तिन्ही वेळा "व्हय बाई" म्हणाली. तिचा "व्हय" म्हणजे नेहमीच होकार असतो असं नाही. तेही पुढं कळलंच.

दीड वर्षापूर्वी, माघ महिन्यात, वद्य पंचमीला, कांद्याला पाणी देताना हनुमंत छातीला हात लावून बांधावर बसला. मोटारसायकलवर मध्ये धरून शिरूरला नेईपर्यंत संपला होता. सत्त्याहत्तर वर्षांचा होता. आईच्या छातीत मशीन होतं, लेकाच्या छातीत नव्हतं. इतकं सरळ आहे ते.

प्रेत घरी आणायच्या आधी म्हातारीला हलवावं लागलं. शिरूरच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, एवढ्या वयात धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. म्हणून "मशीन तपासायचंय" असं सांगून तिला जीपमध्ये बसवून दौंडला धाकट्या लेकाकडे, पोपटरावाकडे, पाठवलं. पोपटराव रेल्वेतून रिटायर झालेला, दौंडला स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर त्याचं घर आहे. भावाला खांदा देऊन तो परत गेला आणि तेरा दिवस आई सांभाळली. चौदाव्या दिवशी सकाळी नऊला आणून सोडली. साडेनऊला नाही.

रविराज त्याच दिवशी म्हणाला, "आजीला कळता कामा नये." रविराज माझा विद्यार्थी, मुलगा चांगला आहे. सणसवाडीला कंपनीत सुपरवायझर आहे. सकाळी सहाच्या बसनं जातो, संध्याकाळी सातला येतो. म्हणजे कळू न देण्याचं काम कोणाच्या वाट्याला आलं, ते सांगायला नको.

अनसाबाईनं उत्तर पाठ करून ठेवलं होतं, पुण्याला दवाखान्यात ठेवलंय म्हणून. पण म्हातारीनं तेवढा वेळच दिला नाही. गोधडीवर टेकली आणि विचारलं, "हनुमंता दिसना. मेंढरामागं गेला व्हय?"

मेंढरं विकून सदतीस-अडतीस वर्षं झालेली. पण म्हातारीच्या डोक्यात अलीकडचं पुसट आणि मागचं लख्ख. आणि धनगराच्या घरात पुरुष सात-आठ महिने दिसला नाही तर त्यात विचारण्यासारखं काही नसतं.

अनसाबाई म्हणाली, "व्हय."

त्या एका "व्हय"वर दीड वर्ष निघालं.

एक अडचण लगेच आली. तानुबाईला दिसत नाही, पण ती हात धरून बोलते. सुनेचा हात हातात घ्यायचा, बांगड्या चाचपायच्या आणि मग बोलायला सुरुवात. अनसाबाईच्या बांगड्या तर मसणवट्यात फोडलेल्या. तेराव्या दिवशी, म्हातारी यायच्या आदल्या दुपारी, ती मला घेऊन बाजारात कासाराकडे गेली. डझनभर हिरव्या बांगड्या मागितल्या. कासार तिच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "सुनंसाठी का?" ती म्हणाली, "सासूसाठी." कासाराला कळलं नाही. मागं उभ्या असलेल्या दोघी मात्र कुजबुजल्या, "चौदावा व्हायचाय की अजून. कुणासाठी भरतीय ही?" मी मागं वळून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. दोघी माझ्याच वर्गातल्या, गप्प बसल्या.

मी तिला सांगितलं, घालून ठेव कायमच्या, नवरा गेला म्हणून हात उघडे ठेवायचा कायदा नाही. पण तिला ते जमेना. "आत जाताना घालीन, बाहेर आले की काढीन," म्हणाली. म्हातारीच्या खोलीच्या दाराला बाहेरून खिळा ठोकला आणि त्यावर बांगड्या अडकवल्या. दिवसातून दहा वेळा आत जायचं, दहा वेळा घालायच्या, दहा वेळा काढायच्या. हात साबणानं सोलवटून गेले. मी तिला कितीदा त्या दाराच्या चौकटीला धरून उभी राहिलेली पाहिलंय. बांगड्या सारख्या करायची आणि मग आत. वर्गात जायला घाबरणारी पोरं दारात अशी उभी राहतात.

"भीती कशाची वाटते तुला नेमकी?" मी एकदा विचारलं.

"कळलं तर म्हातारी जाईल. लेकाची बातमी सांगून सासूला मारली म्हणतील. आन् मरताना माझाच हात धरून मरंल."

पावसाळ्यात जास्त वाईट व्हायचं. मेंढरं ज्येष्ठात परत येतात हे म्हातारीला पक्कं ठाऊक. "आली का मेंढरं?" "आली." "मग हनुमंता घरात का येईना?" "रानात बसवलीत मेंढरं खतासाठी. तिथंच निजत्यात." "जेवला का?" "व्हय." "काय वाढलंस?" तिला जे सुचेल ते सांगायचं. मेथी, पिठलं. मेलेल्या नवऱ्याला रोज दोन वेळा तोंडानं जेवू घालायची. आणि मग मला येऊन विचारायची, "बाई, हे पाप कुठल्या खात्यात जातं?" मी म्हणायचे, असलं मला विचारू नकोस.

यंदा भाद्रपद आला. वर्षश्राद्ध पोपटरावाकडे दौंडला उरकलेलं, त्यामुळे पितृपक्षातला पहिला म्हाळ आता घालणं भाग होतं. हनुमंत पंचमीला गेला, म्हणून म्हाळ पंचमीला. त्या घरात आजवर एकच म्हाळ, दशमीचा, तानुबाईच्या नवऱ्याचा, रखमाजीचा. तिथी म्हातारीला बोटावर पाठ. डोळे गेले, पण नाक आणि कान असे की गल्लीच्या टोकाला कोणी कढीला फोडणी दिली तरी ती मेथीचे दाणे घातलेत का ते सांगते.

म्हणून आम्ही ठरवलं की स्वयंपाक माझ्या घरी करायचा. मीच म्हटलं. रविराजची बायको स्वप्नाली, अनसाबाई आणि मी पहाटेपासून लागलो. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी, भोपळा. खिडक्या लावून घेतल्या. वारा त्यांच्या घराकडून आमच्याकडे वाहत होता, तेही बघून घेतलं. जेवणारे पाच जण माझ्या पडवीत बसले. सगळं नीट चाललं होतं.

घोटाळा केला तो रविराजनं, आणि त्यातही त्याचा दोष म्हणता येणार नाही. कावळ्याचा घास कुठं ठेवायचा? माझ्या घरावर कसा ठेवणार? पितर स्वतःच्याच दाराशी येणार ना? दुसऱ्याच्या पत्र्यावर घास ठेवला तर हनुमंत तो ओळखणार कसा? याहून वेगळं आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलं नाही, सायन्स शिकवलेल्या माझ्याही नाही. रविराज पान घेऊन मोरी ओलांडून गेला, शिडी लावली, स्वतःच्या घराच्या पत्र्यावर पान ठेवलं आणि हात जोडून हाका मारायला लागला. "का, का, का." बरोबर त्या पत्र्याखाली म्हातारीची खाट.

हाका ऐकून मी हातातल्या खिरीच्या पातेल्यासकट त्यांच्या दारात पोचले तेव्हा आतून हाक आली.

"अनसा."

अनसाबाई माझ्या पुढं होती. तिनं खिळ्यावरच्या बांगड्या घेतल्या, घाईत चार घातल्या, उरलेल्या पदरात धरल्या. आत गेली. मी दारातच थांबले.

तानुबाई उठून बसली होती. तोंड पत्र्याकडे. "आज पंचमी."

"व्हय."

"आपल्यात पंचमीचं कुणी न्हाई. कुणाचा म्हाळ?"

मला वाटलं, आता ही काहीतरी साधं बोलेल, शेजारच्यांचा म्हणेल, बाईंचा म्हणेल. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण म्हातारीनं हात पुढं केला होता आणि अनसाबाईच्या मनगटावर चारच बांगड्या होत्या. तिनं तो हात मागं घेतला आणि तिच्या तोंडून निघालं, "पोपटभावजींचा."



 म्हातारीनं हळू विचारलं, "कवा?"

"माघात. वद्य पंचमीला."

"काय झालं हुतं?"

आणि अनसाबाईनं सांगितलं. कांद्याला पाणी देत होते. छातीला हात लावून बांधावर बसले. म्हणाले, जरा पाणी आण. मी तांब्या घेऊन येईपर्यंत मान कलली. गाडीवर मध्ये धरून नेलं, माझ्या खांद्यावर डोकं होतं, वाटेत कुठंतरी ते जड झालं. सगळं खरं सांगितलं, नाव तेवढं दिराचं. दौंडला रेल्वेवाल्याच्या घरी कांद्याचं वावर कुठून आलं, हे म्हातारीनं विचारलं नाही. सांगता सांगता अनसाबाई रडायला लागली. नवरा गेला तेव्हा म्हातारीला लवकर हलवायचं म्हणून तिला मोठ्यानं रडताही आलं नव्हतं, ते आता बाहेर आलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. म्हातारीनं जुन्या बायका काढतात तसा गळा काढला, पोपटाला न्हाऊ घातलेलं, पोपटाला मेंढीच्या दुधावर वाढवलेलं, सगळं त्यात. मग मध्येच थांबून तिनं सुनेच्या तोंडावरून हात फिरवला.

"तू नगं गं एवढी रडू. तुझं कुकू जागच्या जागी हाय."

मी पातेलं खाली ठेवलं आणि बाहेर आले. उभं राहवेना. 

स्वप्नाली बोटाला लावायचं यंत्र घेऊन धावली. म्हातारीचे ठोके बहात्तर. दहा मिनिटांनी पुन्हा बघितले, सत्तर. अर्ध्या तासानं तानुबाईनं चहा मागितला. बशीत ओतून प्याली. मग म्हणाली, भूक लागलीय, खीर केलीय ना. तिच्यापुढं वाटी ठेवली. दोन वाट्या खाल्ल्या.

दुपारी अनसाबाई माझ्या ओट्यावर येऊन बसली. कपाळ कोरं, हात कोरे.  मग म्हणाली, "बाई, म्हातारी न्हाई गेली."

"नाही गेली ना. चांगलं झालं."

"दीड वरीस मी भ्याले, कळलं तर जाईल म्हणून." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "आज तोंडातनं निघालं तवा मला वाटलं, गेली आता. सुटली. आन् मी पण. आन् ती खीर खाऊन बसली. आता मला त्याचं भ्या वाटतंय."

  मी तिला पाणी दिलं.

इकडे म्हातारीचा गळा गल्लीत ऐकू गेला होता. तिसऱ्या घरातल्या पोरानं तेवढ्यावरच व्हॉट्सअपवर टाकून दिलं. कुठल्याशा लग्नातला पोपटरावाचा फेट्यातला फोटो, दोन्ही बाजूंना समया आणि वर "भावपूर्ण श्रद्धांजली". संध्याकाळपर्यंत तो फोटो दौंडला पोचला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटराव चौफुल्याला एसटी बदलून आला. बहात्तरचा माणूस, दोन वर्षांपूर्वी हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या, नवी कवळी. पायरीवर टेकला तेव्हा घामानं थबथबलेला होता. शनिवार, म्हणून रविराज घरी होता.

"वयनी, मला कशापायी मारलंत?"

"चुकलं भावजी."

"मीठ चुकतं वयनी. माणूस चुकतो व्हय?" कवळीमुळे त्याचे शब्द शिट्टीसारखे येत होते. "कालपासनं तेवीस फोन. एकानं तर मलाच विचारलं, सावडायचं कवा हाय म्हणून. बायको रडायला लागली. मी समोर बसलोय आन् ती फोटो बघून रडतीय."

रविराजनं वातावरण हलकं करायला म्हटलं, "आप्पा, खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणत्यात. आता तुम्ही आजीगत शंभरी गाठताय."

पायरीपाशी जमलेली माणसं हसली. पोपटराव हसला नाही. त्याचा चेहरा उतरला. "नगं रं बाबा," तो म्हणाला, आणि ते थट्टेत नव्हतं. "आत्ताच दोन्ही सुना वाट्याटाक्याचं बोलत्यात, आठ दिस इकडं आठ दिस तिकडं. अजून अठ्ठावीस वरीस कुठं काढू मी?"

मग तो उठला. आईला सांगायचंच म्हणाला, मी जिता आहे. अनसाबाई दारात आडवी उभी राहिली.

"भावजी, तुमी जिते हाय म्हणून सांगितलं की ती इचारणार, मग म्हाळ कुणाचा?"

"मग सांगा खरं. किती दिस झाकणार? मला मेलेला ठिवायचा का त्यापायी?"

 अनसाबाई बाजूला झाली. बांगड्यांच्या खिळ्याकडे तिचा हात गेला होता, तो तिनं मागं घेतला. तशीच आत गेली. तिच्या मागून पोपटराव, रविराज, आणि बोलावलं नव्हतं तरी मी.

पोपटराव खाटेपाशी खाली बसला. "आई, मी पोपट. हे बघ, मला काय झालं न्हाई."

तानुबाईनं हात पुढं करून त्याचं तोंड चाचपलं. गाल, नाक, कान. ओठांपाशी हात थांबला. "पोपटाला पुढचा दात नव्हता."

"कवळी बसवली आई."

"पोपट असा बोलत न्हाई." तिनं हात काढून घेतला. "काल म्हाळ झाला त्याचा. तू कुणाचा रं बाबा?"

आता अनसाबाई खाटेच्या कडेला टेकली. तिचा आवाज इतका खाली गेला होता की मला पुढं सरकावं लागलं.

"आत्याबाई, पोपटभावजीच हायती हे. भावजी न्हाई गेले. गेले ते रविराजचे वडील."

"हनुमंता?"

"व्हय."

"हनुमंता मेंढरामागं हाय."

"न्हाई. ते मी खोटं सांगत हुते."

"दीड वरीस?"

"व्हय."

"आन् काल? पोपट गेला म्हणून रडलीस ते?"

"तेबी खोटंच."

तानुबाईनं मान वळवून तिच्याकडे तोंड केलं. त्या डोळ्यांना काही दिसत नाही हे माहीत असूनही मी नजर खाली घातली.

"मग आजचं खरं कशावरनं?"

 अनसाबाईनं आपले दोन्ही हात उचलून म्हातारीच्या हातात दिले, मोकळी मनगटं. "बघा तुमीच." तानुबाईनं ती सावकाश चाचपली, कोपरापर्यंत. मला वाटलं, आता पटलं.

"पोपटासाठी उतरवल्यास," म्हातारी म्हणाली. "बरं केलंस. पण आज घाल. हनुमंता घरी आला आन् तुझा हात असा बघितला तर काय म्हणंल?"

अनसाबाईनं तिसऱ्यांदा सांगितलं नाही. रविराजनं सांगून पाहिलं, त्याच्यावर म्हातारी खवळली, बाप जिता असताना असलं बोलतोस म्हणून. पोपटरावानं लहानपणच्या खुणा सांगितल्या, कुत्रं कुठं चावलं होतं, आजोबांनी कशावरून मारलं होतं. ती सगळं ऐकून म्हणाली, "पोपटानं सांगितलं आसंल तुला. तुमी एका कामावर हुता का?"

या गोष्टीला महिना होऊन गेला. दशमीचा म्हाळ झाला, दसरा झाला. तानुबाईच्या हिशेबात धाकटा लेक गेला आणि थोरला रानात आहे. डॉक्टर परवा येऊन गेला, म्हणाला तब्येत उत्तम. अनसाबाईचं वजन मात्र चार किलो उतरलंय. तिला मी दवाखान्यात चल म्हटलं तर म्हणते, "नगं बाई. तिथं मलाबी मशीन बसवतील."

पोपटराव दर गुरुवारी येतो. पूर्वी वर्षात दोनदा यायचा. कशाला येतो ते त्यालाही सांगता येत नसावं. खाटेपाशी खुर्ची घेऊन बसतो, केळी सोलून देतो, म्हातारी केळी खाते आणि त्याला पोपटाच्या गोष्टी सांगते. मागच्या गुरुवारी मी तिथं होते. अनसाबाई खाली बसून लसूण सोलत होती, हातात बांगड्या होत्या.

तानुबाईनं विचारलं, "तुझी आई हाय का रं?"

पोपटराव म्हणाला, "हाय."

"केवढी?"

"अठ्ठ्याण्णवची."

"आगं बया. माझ्या बराबरीची." तिला बरं वाटलेलं दिसलं. "मग तिचं कोण बघतं? तू तर हितं बसतोस."

पोपटरावानं केळीची साल घडी घालून मांडीवर ठेवली. "भावजय बघती."

"ती केवढी?"

त्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं खाली बघून विचारलं, "वयनी, तुमी केवढ्या?"

"पंचाहत्तरावं लागलं," अनसाबाई म्हणाली.

"पंचाहत्तर," पोपटराव आईला म्हणाला.

"म्हातारीच की ती." तानुबाईनं जरा विचार केला. "मग त्या बाईला बघायला कोण हाय?"

पोपटराव माझ्याकडे बघू लागला, जसं काही याचं उत्तर शाळेत शिकवतात. अनसाबाईनं लसणाची परात बाजूला सरकवली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दूध उतू जाईल म्हणून आत गेली. गॅसवर काहीच नव्हतं. मी नुकतीच तिथून आले होते.